अठ्ठावन्नची नळी

ठासणीची बंदूक दुरुस्तीला आली की पहिलं काम ठरलेलं असतं. ती भरलेली आहे का, ते पाहायचं. काडतुसाची बंदूक उघडून आत डोकावता येतं; ठासणीच्या बंदुकीला मागून उघडायची सोयच नाही. म्हणून गज तोंडातून आत सोडायचा, तो टेकला की नळीच्या तोंडापाशी त्यावर खूण करायची, मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूला धरायचा. गजाचं टोक मागच्या बुचापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबलं तर आत दारू आणि गोळी आहे, कदाचित दोन पिढ्यांपूर्वी कुणी ठासून ठेवलेली. माळ्यावरून आणि धान्याच्या कोठारांतून अशा भरलेल्या बंदुका अजूनही निघतात, आणि दारू कोरडी राहिली असेल तर ती इतक्या वर्षांनीही पेटते.

अमेरिकेत इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात एका छोट्या दुकानात मी हे काम करते. माझा मूळ धंदा मोजमापाचा. पुण्यात इंजिनाच्या कारखान्यात गेज रूममध्ये सुरुवात केली. पुढे इथे कोलंबस गावी तेच काम केलं. कोलंबस म्हणजे कमिन्सचं गाव, आणि कोथरूडच्या कारखान्याच्या नात्यामुळे इथे मराठी कानावर पडणं मुळीच दुर्मीळ नाही. या गावापासून तास-सव्वा तासाच्या अंतरावर फ्रेंडशिप नावाचं अगदी लहान खेडं आहे. ठासणीच्या बंदुकांच्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली, तिचं मैदान तिथे आहे. जून आणि सप्टेंबरात तिथे देशभरातून माणसं येतात, तंबू ठोकतात, आणि दिवसभर काळ्या दारूचा पांढरा धूर ओढ्याकाठी तरंगत असतो. नोकरीतून मोकळी झाल्यावर या परिसरातल्या एका जुन्या कारागिरांना मोजमापात मदत करायला म्हणून मी गेले आणि तिथेच रमले.

इथे मी जे शिकले त्यातलं बरंचसं एका बंदुकीच्या निमित्तानं सांगता येईल. साठीचे एक शेतकरी ती घेऊन आले. अर्ध्या दस्त्याची, केपाची, अष्टकोनी नळीची. त्यांच्या वडिलांनी १९७०च्या दशकात सुटे भाग मागवून घरी जुळवलेली. त्या काळात अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांची लाटच आली होती. १९७२ साली ‘जेरेमाया जॉन्सन’ हा सिनेमा आला आणि सेंट लुइसच्या हॉकन बंधूंच्या डोंगरी रायफलीचं नाव घरोघरी गेलं. १९७६ साली स्वातंत्र्याची दोनशे वर्षं साजरी झाली. जुनं काहीतरी आपल्या हातानं करावं, या हौशीनं हजारो लोकांनी भाग मागवून बंदुका जुळवल्या. ही त्यांतलीच एक, पण एका बाबतीत वेगळी. बहुतेकांनी ५० किंवा ५४ कॅलिबर घेतलं होतं. या गृहस्थांच्या वडिलांनी घेतलं होतं ५८, म्हणजे इंचाचे ५८ शतांश, जवळजवळ १५ मिलिमीटर.

नळी आतून गेली होती. मागच्या बाजूनं हातभर लांबीत खड्डेच खड्डे. जुनी दारू जळाल्यावर मागे क्षार उरतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंड खायला लागतात. दारूऐवजी नंतर जी पर्यायी मिश्रणं बाजारात आली, त्यांतल्या काहींमध्ये परक्लोरेट असतं. त्याच्या राखेत क्लोराइड उरतं, आणि ते आणखी वाईट. यावर उपाय साधा आहे. पाण्यात विरघळणारी घाण पाण्यानंच धुवायची: साबणाचं गरम पाणी, मग कोरडं फडकं, मग तेल. नुसतं तेल लावून ठेवली तर क्षार तेलाखाली आपलं काम करत राहतात. वडील गेल्यावर बंदूक कुणी धुतली नव्हती. आता या शेतकऱ्यांच्या मुलीला आजोबांची बंदूक चालवायची होती. डिसेंबरात इथे हरणाच्या शिकारीचा ठासणीच्या बंदुकांसाठी वेगळा हंगाम असतो, तेव्हा.

“अठ्ठावन्नची एक नळी मागवून द्या,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

नळी मागवताना माणसं कॅलिबर सांगतात आणि थांबतात. पण कॅलिबर हा अनेक मापांतला एक आकडा आहे. बाहेरून समोरासमोरच्या पट्ट्यांमधलं अंतर किती, लांबी किती, मागच्या बुचाचे आटे कोणते, नळीच्या आत कोरलेल्या सर्पिल आट्यांची खोली किती, आणि ते आटे किती इंचांत एक फेरा घेतात, या सगळ्यांची उत्तरं लागतात. आणि ही उत्तरं यादीतून निवडायची नसतात. बंदूक कशासाठी वापरायची, गोळी कोणती घालायची, ती कोण उचलणार, यावरून ती ठरतात. या कामाचं मर्म मला हेच वाटतं: नळी शोधायची तर आधी त्या बंदुकीचं काम शोधावं लागतं.

आधी मोजणं. नळीच्या तोंडाजवळचा भाग शाबूत होता. तिथे आम्ही आतला ठसा घेतला. यासाठी एक मिश्रधातू मिळतो, उकळत्या पाण्यापेक्षाही कमी उष्णतेत वितळणारा. तो ओतला की थंड होताना आधी किंचित आकसतो, त्यामुळे बाहेर काढता येतो. नंतर हळूहळू फुगतो आणि तासाभरानं त्याचं माप नळीच्या मापाशी जुळतं. तो तास थांबणं फार महत्त्वाचं. घाईनं मायक्रोमीटर लावला तर आकडा दिसायला छान येतो आणि खोटा असतो. आमच्या नळीचा बोअर, म्हणजे आतला व्यास, ५७८ थाऊ (इंचाचे सहस्रांश) भरला, आट्यांची खोली बारा थाऊ. मग फेरा मोजायचा. गजाला घट्ट चिंधी गुंडाळून तो आत ढकलायचा आणि गज किती फिरतो ते पाहायचं. चोवीस इंच आत जाईपर्यंत गज एक तृतीयांश फिरला, म्हणजे पूर्ण फेऱ्याला ७२ इंच. खोल आटे आणि संथ फेरा. नळी मुकी होती, तिच्यावर कुणा कारखान्याचं नाव नव्हतं, पण या दोन मापांनी सांगून टाकलं की ती शिशाच्या गोल गोळीसाठी बनवलेली आहे.

गोल गोळी चिंधीत गुंडाळून ठासतात. गोळी बोअरपेक्षा दहाएक थाऊ लहान असते. घट्ट विणीचं सुती कापड मधली जागा भरतं, आट्यांना पकडतं आणि गोळीला फिरवतं. कापडाला धरायला जागा हवी म्हणून आटे खोल. लांबट गोळीचं वेगळं आहे. ती शिशानंच आट्यांना धरते, तिला उथळ आटे पुरतात. आणि लांबट असल्यामुळे हवेत सरळ राहायला तिला जास्त वेगानं फिरावं लागतं, म्हणून फेरा जलद हवा. गोल गोळीला पुढचं टोक आणि मागचं टोक असं काही नाही. ती थोड्या फिरण्यावरही सरळ जाते.

मोठं कॅलिबर का, याचं उत्तरही याच गोलपणात आहे. लांबट गोळी जड करायची तर ती लांब करता येते. गोल गोळी जड करायची तर तिचा व्यास वाढवण्यावाचून इलाज नाही. ५० कॅलिबरची गोल गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरते, ५४ ची साडेचौदा, ५८ ची अठरा, आणि ६२ ची एकवीस. व्यास थोडा वाढतो, वजन झपाट्यानं वाढतं. जुन्या लोकांची मोजायची पद्धत याच वजनावर बेतलेली होती: एका पौंड शिशात अशा किती गोळ्या होतात, तो त्या बंदुकीचा बोअर. ५८ कॅलिबर म्हणजे जवळजवळ २४ बोअर. गोल गोळीचा वेग हवेत लवकर कमी होतो, म्हणून तिचा शिकारी पल्ला शंभरेक यार्डांचाच. त्या पल्ल्यात जनावर एका गोळीत, विनायातना पडावं, यासाठी वजन लागतं.

संथ फेऱ्याच्या या विचाराचा एक मोठा पुरस्कर्ता आपल्याकडचं जंगल फिरलेला होता, हे मला दुकानात नळ्यांच्या याद्या चाळताना कळलं. काही कारागीर अजूनही १०४ इंचांत एक फेरा घेणारी नळी करून देतात आणि तिला फोर्सिथचं नाव देतात. हा जेम्स फोर्सिथ बंगालच्या लष्करातला अधिकारी. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी; त्या प्रांतात तो कामाला होता. निमाड, महादेवाचे डोंगर, पचमढी हा त्याचा मुलूख. विदर्भातले यात्रेकरू आजही ज्या महादेवाला जातात, तेच हे डोंगर. शिकारी रायफलींवरचं त्याचं पुस्तक १८६३ साली निघालं. त्याचं म्हणणं असं: दाट रानात गवा किंवा वाघ जवळून समोर येतो, अंतराचा अंदाज करायला वेळ नसतो, म्हणून जड गोल गोळी आणि भरपूर दारू वापरावी, म्हणजे गोळी सपाट जाते. पण भरपूर दारू आणि जलद फेरा एकत्र आले तर चिंधी आट्यांवरून घसरते आणि गोळी न फिरताच बाहेर पडते. तेव्हा फेरा संथ ठेवावा. त्याची स्वतःची बंदूक १४ बोअरची, बत्तीस ग्रॅमच्या आसपासची गोळी फेकणारी. १८७१ साली त्याचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं प्रसिद्ध पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ऐन तिशीत तो वारला. आपल्याकडच्या रानात अनुभवानं बसवलेला हा हिशोब दीडशेहून अधिक वर्षांनी ओहायो नदीच्या खोऱ्यात हरणासाठी वापरला जातो, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

माझ्या आजोळी कुडाळ तालुक्यात आजोबांकडे ठासणीची एक बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुक्कर भातात शिरला की ती निघायची. तिच्या नळीला आतून आटे नव्हते. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि पीक तयार व्हायच्या वेळी परत मिळेल की नाही याची आजोबांना काळजी लागायची. भारतात तशा बंदुकीलाही परवाना लागतो. इथे मात्र १९६८च्या केंद्रीय कायद्यानं ठासणीच्या, काडतूस न घेणाऱ्या बंदुका सामान्य व्याख्येतून वगळल्या आहेत. काही राज्यांचे नियम कडक आहेत, पण नळी टपालानं घरी येऊ शकते. कायदा मोकळा आहे म्हणून आपली जबाबदारी हलकी होते, असं मला कधीच वाटलेलं नाही. उलट, विचारणारं कुणी नसताना मोजणाऱ्यानंच स्वतःला जास्त विचारावं लागतं. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहांतून जास्तीच्या दारूवर तपासून शिक्का मारल्याशिवाय नळी विकता येत नाही. अमेरिकेत तशी सक्ती नाही. इथे शिक्क्याच्या जागी कारागिराचा सद्सद्विवेक असतो.

मग शोध सुरू झाला. ५८ ची अष्टकोनी नळी दुर्मीळ का, हे त्या शोधातून नीट कळलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या स्प्रिंगफील्ड रायफलीचं कॅलिबर ५८ होतं आणि इंग्लंडहून आलेल्या एन्फील्डचं ५७७. त्या युद्धाच्या प्रसंगांचे प्रयोग करणारे आणि त्याच बंदुकांनी नेमबाजी करणारे लोक आजही खूप आहेत, त्यामुळे ५८ च्या नळ्या बनतात. पण त्या गोल, निमुळत्या, १८६१ च्या स्प्रिंगफील्डच्या मापानं ४० इंच लांब. अष्टकोनी दस्त्यात त्या बसायच्या नाहीत. दुसरीकडे शिकारी लोक हरणाला ५० आणि ५४ पुरेसं मानतात. १९८५ पासून ठासणीच्या बंदुकांचा आधुनिक घाट आला, त्यात ५० हेच जवळपास प्रमाण झालं. जुन्या घाटाच्या बंदुका मोठ्या संख्येनं बनवणारी न्यू हॅम्पशरची थॉम्प्सन सेंटर २००७ साली स्मिथ अँड वेसनकडे गेली, जुना घाट बंद झाला, आणि २०२१ मध्ये ते नावही विक्रीला निघालं. मागणी दोन बाजूंना गेली आणि आमची नळी मधल्या मोकळ्या जागेत पडली.

तरीही चार वाटा होत्या, आणि प्रत्येक वाट मापांनी तपासावी लागली.

पहिली वाट, त्याच बोअरच्या कारखानी बंदुकीची जुनी नळी. अशा नळ्या मिळतात, पण बहुतेकींचा फेरा ४८ इंचांचा. तो गोल आणि लांबट या दोन्ही गोळ्यांना चालावा म्हणून काढलेला मध्यम मार्ग. शिवाय या बंदुकांत नळीच्या मागे एक आकडा असतो, तो दस्त्यातल्या पट्टीत अडकतो, आणि पुढे पाचर ठोकली की नळी बसते. हा आकडा प्रत्येक कारखान्याचा वेगळा. एकाची नळी दुसऱ्याच्या पट्टीत जवळजवळ बसते. या ‘जवळजवळ’ची मला भीती वाटते, कारण त्या सांध्यापासून चाप ओढणाऱ्याचा चेहरा वीतभर अंतरावर असतो.

दुसरी वाट, आहे तीच नळी आतून मोठी करायची. ही परंपरा फार जुनी. पेनसिल्व्हेनियातले अठराव्या शतकातले कारागीर लोखंडाची जाड पट्टी भट्टीत तापवून सळईभोवती वळवत, सांधा ठोकून एकजीव करत, मग भोक कोरत. आटे पाडायचं यंत्र लाकडाचं असे: एका ओंडक्यावर सर्पिल खाचा, त्या खाचांनी फिरणारा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला पोलादाचा लहानसा दात. तो दात पुन्हा पुन्हा ओढून एकेक आटा खोल करायचा. हे सगळं काम विल्यम्सबर्ग इथे वॉलेस गस्लर यांनी पुन्हा हातानं करून दाखवलं, त्यावरचा माहितीपट १९६९ चा आहे. आमच्या दुकानात तो आदरानं पाहिला जातो. त्या काळी नळी झिजली की आटे पुन्हा कोरून घेत आणि गोळीचा नवा साचा करून घेत. बंदुकीबरोबर तिचा स्वतःचा साचा असल्यामुळे कॅलिबर थोडं वाढलं तरी कुणाचं अडत नसे. म्हणजे वयाबरोबर बंदूक मोठी होत जायची.

आमच्या नळीला ६२ करता आलं असतं का? बाहेरचं माप एक इंच. भिंतीची जाडी पुरली असती. अडलं ते मागे. बूच पाऊण इंची, इंचाला सोळा आट्यांचं. बूच घट्ट बसतं तेव्हा त्याचं तोंड बोअरभोवतीच्या कडेवर टेकायला हवं; तिथे फट राहिली तर जळती राख आणि दाब आट्यांमध्ये शिरतो. ती कड ५८ मध्ये चाळीसेक थाऊची होती, ६२ केल्यावर निम्मीच उरली असती. बूच मोठं करावं तर आट्यांबाहेर भिंत पातळ होते. एका ठिकाणी मिळवलेली जाडी दुसऱ्या ठिकाणी गमवावी लागत होती, म्हणून ती वाट सोडली.

तिसरी वाट, आत नवं अस्तर बसवायचं. त्यासाठी जुनी नळी आधी आणखी कोरावी लागते, आणि ५८ एवढ्या मोठ्या बोअरला त्याभोवती एक इंचात जागाच नाही.

उरली चौथी, नवी नळी बनवून घ्यायची. बाहेरून एक इंच अष्टकोन, ३२ इंच लांब, ५८ बोअर, खोल आटे, ७० इंचांत एक फेरा. अशी नळी करणारे कारागीर अमेरिकेत अजून आहेत, बहुतेक लहान कारखान्यांत, आणि त्यांच्याकडे रांग असते.

नळी ठरवण्याआधी मुलीला बोलावून घ्यायचा आग्रह मी धरला. बंदूक ती उचलणार होती. तिला वाटत होतं, लहान कॅलिबर घेतलं तर बंदूक हलकी होईल. हिशोब उलटा आहे. बाहेरचं माप तेच राहिलं तर बोअर जितका मोठा तितकं पोलाद कमी. एक इंची, ३२ इंच लांब नळी ५० कॅलिबरमध्ये साधारण २.६ किलो भरते आणि ५८ मध्ये २.३ किलो. हलकी बंदूक आणि जड गोळी म्हणजे खांद्याला धक्का जास्त. तेव्हा दारू बेताची ठेवायची. हे सगळं तिला बंदूक हातात देऊन सांगितलं. तिनं विचारलेला प्रश्न मला फार आवडला: “पन्नास यार्डांपुढे मी गोळी झाडणारच नाही असं ठरवलं, तर एवढी दारू लागेल का?” लागत नाही. तिच्या त्या निश्चयानं दारूचा भार ठरला, धक्का ठरला, आणि नळीचा फेराही पक्का झाला.

नळी आली तेव्हा खरं बसवण्याचं काम सुरू झालं. बुचाचं गणित मला आजही सुंदर वाटतं. इंचाला सोळा आटे, म्हणजे बूच एक पूर्ण फेरा फिरलं की साडेबासष्ट थाऊ आत जातं. नळीला आठ पट्ट्या. आकडा वरच्या पट्टीशी अचूक जुळायला हवा. एक पट्टी पुढे सरकायची तर फेऱ्याचा आठवा हिस्सा, म्हणजे आठ थाऊंपेक्षा किंचित कमी, मिलिमीटरचा पाचवा भाग. तेवढं नळीच्या मागच्या तोंडावरून काढायचं; आणि बूच आतल्या कडेवरही त्याच क्षणी टेकलं पाहिजे. दोन पृष्ठभाग एकदम भेटायला हवेत. ब्ल्यू (खुणेचा निळा रंग) लावायचं, बूच घट्ट करायचं, सोडवायचं, रंग कुठे उमटला ते पाहायचं, कानस एकदा फिरवायची, पुन्हा ब्ल्यू. गेज रूममध्ये मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी केलेल्या कामावर शिक्के मारले. इथे ते माप माझ्याच बोटांखाली तयार होत होतं, आणि मोजण्याचा आनंद मला पुन्हा नव्यानं मिळाला.

दस्ता मेपलच्या लाकडाचा. नव्या नळीला काजळी लावून ती खाचेत दाबायची. जिथे काळा डाग उठतो तिथे लाकूड उंच आहे. फक्त तेवढंच खरवडायचं. मुलीच्या आजोबांनी घासलेल्या लाकडावर ठिकठिकाणी कानशीचे ओरखडे होते. ते आम्ही तसेच राहू दिले. ते कुटुंबाचं काम होतं, आमचं नव्हतं.

पहिला बार कुणी खांद्याला लावून काढत नाही. बंदूक चौकटीत बांधायची, लांब दोरीनं चाप ओढायचा, माणसं आडोशाला. त्यानंतर पुन्हा सगळी मापं घ्यायची: कुठे फुगलं का, बूच हललं का, केपाच्या निप्पलपाशी धूर सुटल्याची खूण आहे का. मग साधे बार. गोळी झाडल्यावर दहा-पंधरा पावलांवर चिंध्या पडतात, त्या वेचून वाचायच्या. मध्ये गोल काळा डाग आणि कडा शाबूत असतील तर नळी समाधानी आहे. नव्या नळीच्या आट्यांच्या धारा तीक्ष्ण असतात, त्या कापड कापतात. आमच्याही पहिल्या चिंध्या फाटून आल्या. बारीक अपघर्षक कापडानं नळी आतून घासली, तोंडाची कड अंगठ्याखाली पॉलिश पेपर धरून गोलावली. मग चिंध्या शाबूत येऊ लागल्या, आणि निशाणावरची भोकं एकमेकांजवळ सरकली.

भारतातले नातेवाईक मला विचारतात, ज्या देशात बंदुकीनं इतकी माणसं मरतात तिथे तू हे काम कसं करतेस? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. या देशात बंदुकीच्या बाबतीत जे चाललंय त्याचं मला दुःख आहे. पण माझ्या टेबलावर येते ती एका वेळी एकच गोळी झाडणारी, पुन्हा भरायला अर्धा मिनिट घेणारी बंदूक. ती माणसाला थांबायला लावते. ती चालवणाऱ्याला दारूचं वजन, कापडाची जाडी, आपला पल्ला आणि आपली मर्यादा माहीत असावी लागते. शिकार करणारच असाल, तर जनावराला यातना होऊ नयेत एवढं कौशल्य कमवूनच करा, असं मला वाटतं, आणि माझं काम त्या कौशल्याला मदत करतं.

बंदूक परत नेताना त्या शेतकऱ्यांनी जुनी नळी मागून घेतली, आणि ती त्यांचीच होती. त्यांनी विचारलं, आता ही वडिलांची बंदूक म्हणायची का? आमच्या कारागिरांनी उत्तर दिलं की वडिलांनी ती चालवण्यासाठी बनवली होती, आणि आता ती चालते. मला ते उत्तर पटतं. नळी हा झिजणारा भाग आहे. जुन्या काळी तो बदलला जायचा, कोरला जायचा, आणि त्यानं बंदुकीचं कुळ बदलत नसे. त्या वडिलांनी ५८ का निवडलं, संथ फेरा का घेतला, हा विचार आम्ही मापांतून शोधून काढला आणि नव्या पोलादात उतरवला. त्यांचं खरं काम त्या विचारात होतं.

त्या बंदुकीपासून दुकानात एक शिरस्ता पडला आहे. नळी बदललेल्या प्रत्येक बंदुकीबरोबर मी एक कागद देते आणि त्याची प्रत दुकानात ठेवते. बाहेरचं माप, बोअर, आट्यांची खोली, फेरा, बुचाचे आटे, गोळीचा व्यास, कापडाची जाडी, तपासलेला भार, आणि शेवटी एक ओळ: ही बंदूक कोणत्या कामासाठी बसवली आहे. कारखाने बंद होतात, कारागीर म्हातारे होतात, नळ्या तर झिजणारच आहेत. आणखी पन्नास वर्षांनी ही नळी शोधायची वेळ कुणावर आली, तर आम्हाला जे खोदून काढावं लागलं ते त्याच्या हातात आयतं असेल. ज्यांच्या घरी अशी जुनी बंदूक आहे त्या सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: ती पाण्यानं धुवा, तेल लावा, आणि नळी शाबूत आहे तोवर तिची मापं कागदावर उतरवून ठेवा.